साष्टी सोडायची नव्हती

डिसेंबर १७७४ च्या दुसऱ्या आठवड्यात मुंबई बंदरातून कंपनी सरकारची फौज खाडीने ठाण्याकडे निघाली. सहाशे वीस गोरे, एक हजार देशी शिपाई आणि तोफखान्याचे दोनशे लस्कर. सेनापती जनरल रॉबर्ट गॉर्डन, आरमारावर कमोडोर जॉन वॉटसन. पुण्याच्या पेशव्यांशी इंग्रजांचे तेव्हा युद्ध नव्हते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांशी तह झाला होता. १७५६ मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांविरुद्ध दोघांनी मिळून मोहीम केली होती. १७७२ पासून पुण्याच्या दरबारात कंपनीने आपला वकीलही बसवला होता. तरीही फौज निघाली. २८ डिसेंबरला ठाण्याचा किल्ला पडला आणि नवे वर्ष उजाडले तेव्हा सगळी साष्टी मुंबईकर इंग्रजांच्या ताब्यात होती.

साष्टी म्हणजे आजची जवळजवळ सगळी उपनगरे. पश्चिमेला वांद्रे, अंधेरी, मालाड, बोरिवली. पूर्वेला कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड. माहीमची खाडी ओलांडली की त्या काळी दुसरे राज्य लागे. भातशेती, मिठागरे, ताडाच्या बागा, कोळीवाडे आणि पोर्तुगीजांनी बांधलेली चर्चे असा हा मुलूख होता.

बेटापुरते भांडण बेटापुरतेच मिटायला हवे होते. ते साडेसात वर्षे चालले. गुजरातेत आडासच्या मैदानात, मावळात वडगावला, अहमदाबादेच्या तटाखाली, ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, वसईत, बोरघाटात आणि शेवटी पार मद्रासच्या दाराशी माणसे मेली. बनारसच्या राजाचे राज्य गेले. कलकत्त्यात गव्हर्नर जनरल आणि त्याच्याच कौन्सिलातला सभासद एकमेकांवर पिस्तूल रोखून उभे राहिले. शेजाऱ्याच्या एका किल्ल्यावरचा हल्ला इतका का पसरला, या प्रश्नाला दोनशे वर्षांत बरीच उत्तरे दिली गेली. ती एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवीत.

आपल्याकडे सर्वांत रुळलेले उत्तर एका माणसाचे नाव घेते: राघोबादादा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, राघोबा गादीवर बसले, बारभाईंनी त्यांना पुण्याबाहेर घालवले, एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि राघोबांचा हक्कच संपला. मग ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले, सुरतेचा तह केला आणि युद्ध आले. शाळेत आपण सगळे हेच शिकलो. घरातल्या फितुरीने परक्याला वाट करून दिली, ही कथा मराठी मनाला पटकन पटते. तिच्यात रागावायला कुणीतरी आपला माणूस मिळतो.

तारखा मात्र या कथेला साथ देत नाहीत. सुरतेचा तह मार्च १७७५ चा आणि ठाणे पडले डिसेंबर १७७४ मध्ये. म्हणजे राघोबांनी साष्टी लिहून देण्याच्या दोन महिने आधीच ती इंग्रजांच्या हातात होती. याहून बोलकी गोष्ट त्याच्याही आधीची. १७७४ च्या शरदात सुरतेच्या कोठीचा प्रमुख गँबियर याच्यामार्फत राघोबांची बोलणी चालू होती. मुंबईने पहिली मागणी ठेवली ती साष्टी आणि वसईची. राघोबांनी ती मान्य केली नाही. गुजरातेतला दुसरा मुलूख देतो म्हणाले. गादीसाठी वाट्टेल ते करायला निघालेल्या माणसालाही चिमाजी अप्पांनी जिंकलेला हा मुलूख हातचा घालवणे जड गेले. हे ग्रँट डफने १८२६ मध्येच नोंदवून ठेवले आहे, आणि तो काही राघोबांचा कैवारी नव्हता. राघोबांचा दोष यातून धुतला जात नाही. पण युद्ध त्यांनी आणले असे म्हणता येत नाही. ते आधीच सुरू झाले होते. राघोबा त्याला सापडले.

मग मुंबईला साष्टी एवढी का हवी होती? इथे खोल पाण्यात उतरावे लागते.

मुंबई इलाखा म्हणजे तेव्हा फार मोठे प्रकरण नव्हते. मुंबईचे बेट, सुरतेची कोठी, बाणकोट, मलबारात तेलिचेरी, आणि १७७२ मध्ये घेतलेले भरूच. खर्च उत्पन्नापेक्षा जास्त आणि तूट बंगालच्या पैशावर भागणार. बंगालमध्ये बक्सरनंतर कंपनी दिवाणी वसूल करू लागली होती आणि मद्रासच्या मुठीत कर्नाटकचा नबाब होता. मुंबईच्या कौन्सिलाला ही तुलना जाळत होती. त्यातून बेटावर धान्य पुरेसे पिकत नव्हते. साष्टीतून आणि समोरच्या किनाऱ्यावरून येणारा तांदूळ, लाकूडफाटा, गुरे थांबली की मुंबईचे पोट थांबणार. बंदराचे तोंड इंग्रजांकडे असले तरी बंदराचे पाठचे दार ठाण्याच्या किल्लेदाराकडे होते. शीव, रिवा, माहीम इथल्या गढ्यांमधून इंग्रज पहारेकरी पलीकडच्या मराठी मुलखाकडे पाहत बसत. १७३९ मध्ये वसई पडल्यावर तर मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून कोटाभोवती खंदक खोदवला होता. लंडनच्या डायरेक्टरांनी १७६८ पासून लेखी सांगून ठेवले होते की साष्टी आणि वसई मिळवा; शक्यतो विकत किंवा वाटाघाटीने. पुण्याला वकील पाठवण्यामागचा एक मोठा हेतू हाच होता. थोरल्या माधवरावांसमोर त्याची डाळ शिजली नाही. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव वारले, पाठोपाठ नारायणरावांचा खून झाला, आणि मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याला वाटले की आता नाही तर कधीच नाही.

निमित्त दिले पोर्तुगीजांनी. युरोपातून गोव्याला आरमार आले आहे आणि ते वसई-साष्टी परत घेणार, अशी बातमी १७७४ च्या अखेरीस मुंबईत पोहोचली. बातमीत तथ्य होते. पोर्तुगीजांना साष्टी गेल्याचे दुःख पस्तीस वर्षे होते. त्यांनी घेण्याआधी आपण घ्यावी, असा ठराव झाला. दुसरा कुणी शेजाऱ्याचे घर लुटणार म्हणून आपणच आधी शिरायचे, हा युक्तिवाद हल्लेखोरांच्या तोंडी पुढेही अनेकदा आला आहे, आणि दर वेळी त्याला बचावाचे नाव दिले गेले आहे. किल्लेदाराला पैसे चारून काम होते का हेही आधी पाहिले गेले. ते जमले नाही, तेव्हा तोफा निघाल्या.

ठाण्याच्या वेढ्याची हकिगत वाचताना किल्ल्यातल्या लोकांबद्दल कळवळा येतो. वॉटसन सुरुवातीलाच जबर जखमी होऊन मेला. तटाला खिंडार पडल्यावर २७ डिसेंबरच्या रात्री इंग्रज खंदक भरायला पुढे आले, तेव्हा आतल्या शिबंदीने त्यांना मागे रेटले आणि शंभर गोरे मारले किंवा जायबंदी केले. दुसऱ्या संध्याकाळी एल्गार झाला, किल्ला पडला, आणि शिबंदीतल्या बहुतेकांची कत्तल झाली. त्यांची नावे कुठल्या स्तंभावर नाहीत. त्या किल्ल्याच्या आवारात पुढे तुरुंग झाला. ठाण्याचे आजचे मध्यवर्ती कारागृह ते हेच.

त्याच वेळी कर्नल कीटिंगच्या हाताखालची दुसरी तुकडी वेसाव्याच्या किल्ल्यावर गेली. वेसाव्याच्या धक्क्यावरून होडीने मढला उतरून टोकापर्यंत गेले की समुद्राकाठी जो कोट दिसतो तो हा. पोर्तुगीजांनी बांधलेला, १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतलेला, आज हवाई दलाच्या ताब्यात असलेला. अंधेरीकरांना तो सिनेमातल्या चित्रीकरणांमुळे ओळखीचा आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा पहिला महिना या तटाखाली घडला, हे तिथे कुणी सांगत नाही. पलीकडे उरणचे करंजाही घेतले गेले.

आता एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या बेटावर शेजाऱ्याची फौज चालून येण्याची ही पहिली वेळ नव्हती. सदतीस वर्षे आधी, १७३७ च्या वसंतात, मराठ्यांनी हेच ठाणे, हीच साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली होती. तो हल्ला रक्तपाताने कमी नव्हता. डिसेंबर १७३८ मध्ये ठाणे परत घ्यायला आलेला पोर्तुगीज सेनानी पेद्रू द मेलु तिथेच मारला गेला, आणि वसईचा वेढा तर मराठ्यांच्या इतिहासातल्या सर्वांत खडतर वेढ्यांपैकी एक. तरी ते युद्ध १७३९ मध्ये संपले. आजूबाजूचे कुणी त्यात ओढले गेले नाहीत. का?

पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदतीसाठी पदर पसरला होता. इंग्रजांनी थोडी दारू दिली, पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि त्यासाठी चर्चची चांदी व तटावरच्या पितळी तोफा गहाण ठेवून घेतल्या. वांद्र्याचा कोट मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून पोर्तुगीजांनाच तो उडवून द्यायचा सल्ला दिला. वसई पडताच कॅप्टन इंचबर्डला चिमाजी अप्पांकडे पाठवून तह केला. हे वागणे उदात्त नव्हते, पण त्यामुळे युद्ध दोघांतच राहिले. मराठ्यांना साष्टी हवी होती. पोर्तुगालच्या गादीवर आपला माणूस बसवायची त्यांना गरज नव्हती. गोव्याचे सरकार त्यांच्या मर्जीचे असावे अशीही नव्हती. घेतलेला मुलूख राखायला त्यांना घेतलेला मुलूख पुरेसा होता.

१७७४ मध्ये नेमके हेच उलटे झाले. माझे म्हणणे थोडक्यात असे की हल्ल्यापेक्षा हल्ल्यानंतरच्या हट्टाने युद्ध वाढवले. साष्टी घेतली, पण कागद नव्हता. कागद देईल असा पेशवा पाहिजे, म्हणून राघोबा. राघोबांना गादीवर बसवायचे तर पुण्यावर चालून जायला हवे. त्याला मुंबईची फौज अपुरी, म्हणून बंगालची फौज. बंगालची फौज आणायची तर बुंदेलखंड, माळवा, खानदेश ओलांडून, म्हणजे प्रत्येक दरबाराच्या दारातून. मधल्या कुठल्याही टप्प्यावर साष्टी परत दिली असती तर पुढचा टप्पा आला नसता. ती परत द्यायची नव्हती.

सुरतेच्या तहाने राघोबांनी साष्टी आणि वसई दिली, फौजेच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख कबूल केले आणि सहा लाखांचे जवाहीर गहाण टाकले. कंपनीने अडीच हजार फौज द्यायची. १८ मे १७७५ रोजी आनंदजवळ आडासला कीटिंग आणि पुण्याच्या फौजेचे हरिपंत फडके यांची गाठ पडली. मैदान इंग्रजांकडे राहिले, पण दोनशेहून अधिक माणसे आणि अकरा अंमलदार गमावून.

इथे कलकत्ता मध्ये पडले. १७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टने मुंबईला कलकत्त्याच्या हाताखाली आणले होते. नवे सर्वोच्च कौन्सिल ऑक्टोबर १७७४ मध्ये कामाला लागले आणि दोन महिन्यांच्या आत मुंबईने त्याला न विचारता युद्ध केले. कौन्सिलाने मुंबईची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली: हे युद्ध अविचारी, धोक्याचे, विनापरवाना आणि अन्यायाचे आहे, फौज मागे घ्या. कर्नल अप्टनला पुण्याशी थेट बोलणी करायला पाठवले.

मला सगळ्या प्रकरणातला कळीचा प्रसंग इथे दिसतो. पुरंदरावर सखारामबापू बोकील आणि नाना फडणीस यांच्यासमोर बसून अप्टन सांगत होता की मुंबईकरांनी चूक केली, कलकत्त्याला हे मान्य नाही. आणि त्याच बैठकीत साष्टी मागत होता; शिवाय वसईही. पुण्याचे कारभारी हजारदा एकच गोष्ट विचारतात, असे त्यानेच कलकत्त्याला लिहिले: तुम्ही एवढ्या सचोटीच्या गोष्टी करता, मुंबईकरांचे युद्ध नापसंत म्हणता, मग त्या युद्धाचा फायदा स्वतःकडे ठेवायला एवढे आतुर का? अप्टनपाशी उत्तर नव्हते. कलकत्त्यापाशीही नव्हते. बोलणी फिसकटली तेव्हा अन्यायाच्या युद्धाचा निषेध करणाऱ्या त्याच कौन्सिलाने पुन्हा युद्धाची तयारी सुरू केली. अखेर १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वर लढाईच्या खर्चाचे बारा लाख मराठ्यांनी द्यायचे ठरले, राघोबांनी पेन्शन घेऊन कोपरगावी बसायचे ठरले.

हल्ल्याचा निषेध करून लूट राखणारा तह टिकत नसतो. हा तर लगेच मोडायला लागला. मुंबईने राघोबांना आश्रय चालूच ठेवला. ऑगस्ट १७७६ मध्ये लंडनहून डायरेक्टरांचे पत्र आले की सुरतेचा तह आम्हाला पसंत आहे, मिळालेला मुलूख राखा. केपला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला सहा महिने लागत. लंडनने तह मंजूर केल्याचे मुंबईत कळेपर्यंत कलकत्त्याने तो रद्दही केला होता. तीन ठिकाणी तीन सरकारे, आणि तिघांत एकमत फक्त एका मुद्द्यावर. शैलेंद्रनाथ सेन यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या काळातला हा गुंता सविस्तर सोडवला आहे. काही अभ्यासक या सरकारी बेबनावालाच युद्धाचे मुख्य कारण मानतात. मला ते अर्धेच पटते. बेबनावाने युद्ध लांबले हे खरे. पण पुण्याला छळत होते ते इंग्रजांचे एकमत.

दुसरे एक जोरकस उत्तर फ्रेंचांचे. १७७७ मध्ये सां ल्युबँ नावाचा फ्रेंच गृहस्थ चौलला उतरून पुण्यात आला आणि नानांनी त्याचा मोठा सत्कार केला. १७७८ मध्ये अमेरिकेतल्या बंडाच्या निमित्ताने फ्रान्स आणि इंग्लंड यांचे युद्ध जुंपले. म्हणून हेस्टिंग्जला पुण्याची भीती वाटली, त्याने काल्पीहून फौज रवाना केली, आणि एका स्थानिक भांडणाचे जागतिक युद्धात रूपांतर झाले, अशी ही मांडणी. तिच्यात बरेच तथ्य आहे. पण नानांसारखा सावध माणूस एका बोलघेवड्या फ्रेंचाला जवळ का करतो? ठाण्याला जे झाले त्यानंतर त्याला इंग्रजांना वचक बसवणारा कुणीतरी हवा होता. इंग्रजांची भीती खरी ठरवली ती इंग्रजांच्याच कृतीने. १९१४ मध्ये ऑस्ट्रियाने सर्बियावर चाल केली, रशिया उठला, रशियामुळे जर्मनी, जर्मनीमुळे फ्रान्स. तिथेही आधीचे करार आणि आधीची भीती होतीच. मात्र एक फरक आहे. सर्बियाच्या वेळी करार तयार होते, हल्ल्याने ते पेटवले. साष्टीच्या वेळी मराठ्यांच्या बाजूने तयार करार एकही नव्हता. तो हल्ल्यानंतर सहा वर्षांनी घडवला गेला.

तो घडण्याआधी वडगाव झाले. नोव्हेंबर १७७८ मध्ये सुमारे ३९०० माणसे घेऊन, राघोबांना बरोबर घेऊन, मुंबईची फौज पनवेलला उतरली आणि बोरघाट चढली. सेनापती कर्नल इगर्टन आजारी, त्याच्या डोक्यावर निर्णय करायला समिती, आणि वाटेत दाणागोटा नाही. जानेवारीत कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला मराठ्यांनी शत्रू असून कौतुकाने इष्टुर फाकडा म्हटले. ९ जानेवारी १७७९ ला फौज तळेगावला आली तर गाव जळून गेलेला. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून ती माघारी फिरली आणि वडगावला महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत यांच्या वेढ्यात सापडली. तह लिहून दिला गेला: साष्टी, उरण आणि १७७३ पासून घेतलेले सारे परत, बंगालची फौज माघारी.

साडेसात वर्षांत साष्टी परत येण्याची एवढी एकच वेळ होती. महादजींनी दोन ओलीस ठेवून घेतले आणि फौज सोडून दिली. फौज मुंबईत पोहोचली, मुंबईने तह नाकारला, कलकत्त्याने नाकारला. महादजींना भरूच मिळणार होते म्हणून ते सैल वागले, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. हेतूविषयी मी बोलणार नाही. पण ठाण्याच्या बुरुजावर भगवा चढेपर्यंत वडगावचा वेढा उठवायला नको होता, असे मला ठामपणे वाटते. चार हजार माणसे भुकेने व्याकूळ होऊन हातात होती. कागदावर सही मिळाली आणि बेट राहून गेले.

त्यानंतर मात्र नाना बदलले. कर्नल गॉडर्ड बंगालची फौज घेऊन फेब्रुवारी १७७९ मध्ये सुरतेला पोहोचला आणि नवी बोलणी सुरू झाली. त्या पावसाळ्याच्या शेवटी नानांनी त्याला साफ कळवले की आधी साष्टी आणि राघोबा हवाली करा, मग तहाचे पाहू. एकाच वेळी त्यांनी हैदर अलीकडे माणसे पाठवली. हैदरशी मराठ्यांचे हाडवैर. थोरल्या माधवरावांनी त्याच्यावर पुन्हा पुन्हा स्वाऱ्या केलेल्या. त्याने बळकावलेला कृष्णेच्या दक्षिणेचा मराठी मुलूख त्याच्याकडे राहू द्यायचा, या किमतीवर समेट झाला. एका बेटासाठी केवढा मुलूख! यावरून साष्टीचा घाव पुण्याला किती खोल लागला होता ते कळते. हैदरला स्वतःचा राग होता: त्याच्या संरक्षणाखालचे माहे इंग्रजांनी मार्च १७७९ मध्ये घेतले होते. निजामाला गुंटूरचा राग होता. नागपूरकर मुधोजी भोसल्यांनाही ओढले. १७८० मध्ये चौघांची मोट बांधली गेली, आणि जुलैत हैदर कर्नाटकात उतरला. १० सप्टेंबरला पोल्लिलूरला कर्नल बेलीची पुरी फौज बुडाली.

ही मोट कशी सुटली, त्यात माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. निजामाला कलकत्त्याने गुंटूर परत देऊन टाकले आणि तो बाजूला झाला. भोसल्यांची फौज कटकेपर्यंत रेंगाळत गेली होती. हेस्टिंग्जने लाखो रुपये ओतले आणि ती थांबली. महादजींना ग्वाल्हेर हातचे गेल्यावर माळव्याची काळजी पडली, आणि ऑक्टोबर १७८१ मध्ये त्यांनी वेगळा समेट केला. ज्याची जी तक्रार भागवता येत होती ती भागवली गेली. पुण्याची तक्रार तेवढी भागवायची नव्हती, म्हणून पुण्याशी लढाई चालत राहिली.

या काळात उपनगरांच्या आसपास काय चालले होते? मे १७८० मध्ये इंग्रज सेनानी हार्टलेने कल्याणभोवतीचा मराठ्यांचा वेढा उठवला. डिसेंबरात गॉडर्डने वसई घेतली. वसई सोडवायला आलेले रामचंद्र गणेश कानडे वज्रेश्वरीजवळ दुगाडला १२ डिसेंबरच्या सकाळी धुक्यातून चाल करून गेले आणि गोळी लागून पडले. १७८१ च्या एप्रिलमध्ये परशुरामभाऊ, हरिपंत आणि होळकरांनी बोरघाटाखालून परतणाऱ्या गॉडर्डची चारशेहून अधिक माणसे मारली किंवा जायबंदी केली. साष्टीच्या रयतेने पाच-सहा हंगाम दोन्ही फौजांच्या दाणागोट्याच्या टापूत काढले. त्यांची कैफियत मात्र कुठल्याही दप्तरात मला सापडलेली नाही.

पैसा कुठून आला हेही पाहिले पाहिजे, कारण युद्ध त्या वाटेनेही पसरले. बनारसच्या चेतसिंगाकडून हेस्टिंग्ज १७७८ पासून दर वर्षी पाच लाख जादा उकळू लागला. ऑगस्ट १७८१ मध्ये बनारस उठले आणि चेतसिंगाचे राज्य गेले. अयोध्येच्या बेगमांचे खजिने त्यानंतर उघडले. कलकत्त्यात कौन्सिलातला सभासद फिलिप फ्रान्सिस मराठा युद्धाला विरोध करत राहिला, आणि १७ ऑगस्ट १७८० च्या पहाटे त्याच वादातून हेस्टिंग्जची गोळी त्याला लागली. मुंबईच्या कौन्सिलने शेजारचे बेट घेताना यातले काहीही मनात आणले नसणार. हॉर्नबी हिशेबी माणूस होता. त्याने बेटाचे उत्पन्न मोजले, किल्ल्याचा तट मोजला, पुण्यातली दुफळी मोजली. पुण्यातली माणसे अपमान किती काळ लक्षात ठेवतील, हे त्याच्या हिशेबात नव्हते.

साल्बाईचा तह १७ मे १७८२ ला महादजी आणि इंग्रजांचा वकील डेव्हिड अँडरसन यांच्यात ठरला. वसई, अहमदाबाद परत मिळाले. राघोबांना पंचवीस हजार महिना ठरला आणि इंग्रजांनी त्यांचा हात सोडला. साष्टी, करंजा, घारापुरी इंग्रजांकडे राहिले. नानांनी मंजुरी महिनोन् महिने अडवून धरली. हैदर मैदानात होता तोवर त्यांना आणखी काही पदरात पाडायची आशा होती. ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला. काही आठवड्यांनी पुण्याची मंजूर प्रत अँडरसनला मिळाली. राघोबा पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात कोपरगावी वारले.

साल्बाईने वीस वर्षांची शांतता दिली असे सगळे इतिहासकार लिहितात, आणि ते खरे आहे. इंग्रजांनी त्या वीस वर्षांत साष्टी पक्की केली. गव्हर्नर जोनाथन डंकनने शीवच्या खाडीवर बांध घालून १८०५ पर्यंत ती मुंबईला जोडली. पण आपल्या मर्जीचा पेशवा असावा ही १७७५ ची कल्पना कंपनीने टाकली नव्हती. १८०२ मध्ये होळकरांनी पुणे जिंकल्यावर राघोबांचे पुत्र दुसरे बाजीराव कोकणात उतरले आणि इंग्रजांच्या जहाजाने वसईला आले. ३१ डिसेंबरला त्यांनी तिथे तहावर सही केली. पुढच्या ऑगस्टमध्ये शिंदे आणि भोसल्यांशी इंग्रजांचे दुसरे युद्ध सुरू झाले.